लाल झाकण

अल्टूना, पेनसिल्व्हेनिया
१४ ऑक्टोबर १९८५

ती. काकांच्या पायांशी श्रीरामचा नमस्कार.

फोनवर तुम्ही दोनदा 'हो, हो' म्हणता आणि रिसीव्हर विक्रमदादाच्या हातात देता, म्हणून हे पत्र.

एक सल्ला हवा आहे, आणि तो अमेरिकेत तुमच्याशिवाय मला कोणी देऊ शकणार नाही. हॅरोल्ड माझा फोरमन होता, जूनमध्ये रिटायर झाला. जाताना त्यानं आपलं रिव्हॉल्व्हर मला दिलं, चव्वेचाळीस मॅग्नम. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी इथं हरणांचा सीझन सुरू होतो. त्या दिवशी आमचा कारखाना बंद, शाळा बंद, सगळा गाव नारिंगी जाकिटं घालून डोंगरात. पंधरा वर्षं मी तेवढा एक दिवस घरी बसून काढतो. या वर्षी हॅरोल्ड म्हणाला, चल. गेल्या हिवाळ्यात बर्फावर पडल्यापासून माझा खांदा रायफलचा धक्का घेत नाही, पण रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरता येतं.

बेत असा. खाली ओढ्याकाठी दाट झाडी आहे, हॅरोल्ड तिच्यात शिरून आवाज करणार. मी वर उभा. हरीण माझ्याकडे येणार. आपल्याकडे हाका करायचे तसंच.

वसुधा म्हणते, "याला घरात मासळी साफ करता येत नाही, हा हरीण पाडणार!" पद्मिनी पंधराची झाली, ती एवढंच म्हणाली, "डॅड, यू आर नॉट सीरियस."

हॅरोल्डनं एका पिशवीत तीन प्रकारची काडतुसं दिली आहेत. तो म्हणतो, कुठली न्यायची ते तुझं तू ठरव. तिन्ही खोक्यांची झाकणं कापून सोबत पाठवतोय. एक लाल, एक निळं, एक पिवळं. तुम्ही सांगाल ते घेईन.

तुमचा,
श्रीराम

———

एडिसन, न्यू जर्सी
२० ऑक्टोबर १९८५

चिरंजीव श्रीराम यास त्र्यंबककाकाचे आशीर्वाद पोहोचावेत.

तुझे पत्र व तीन झाकणे मिळाली. प्रश्न योग्य मनुष्यास विचारलास याचे समाधान वाटले. येथे माझी ओळख 'विक्रमचे वडील' एवढीच आहे. संस्थानच्या शिकारखान्यात मी अठरा वर्षे काडतुसांची कोठी सांभाळली, हे या गावी कोणास ठाऊक नाही आणि मीही सांगत बसत नाही.

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. तरीही महाराजांचे पाहुणे, त्यांत गोरे साहेबही आले, शिकारीस निघण्यापूर्वी आपले हत्यार माझ्या हाती देत. ते भरणे माझे काम. पाहुण्याने स्वतः काडतूस हाताळायचे नाही, असा तेथे रिवाज होता. बारूद मी सोनाराच्या काट्यावर तोलून भरीत असे. कोठीत मी रंगांची शिस्त लावली होती. पाखरांच्या छऱ्यांस पांढरा दोरा, चितळाच्या गोळीस हिरवा आणि डुकरासारख्या जड जनावरासाठी लाल. दिवा नसला तरी माझा हात चुकत नसे.

घरातही तोच विश्वास होता. तुला आठवत असेल, तुझी आई बाहेरून आलेली औषधाची बाटली किंवा तुपाचा डबा आधी माझ्यापुढे ठेववी. माझ्याशी थेट बोलण्याची तिची रीत नव्हती. तुला पुढे करून म्हणे, "काकांना विचार, वर काय लिहिलं आहे." मी रंग पाहून, वास घेऊन सांगत असे. माझ्या धाकट्या भावाच्या विधवेने मला दिलेला तो मान मी आजही विसरलेलो नाही.

आता मूळ विषय. रिव्हॉल्व्हरची नळी आखूड, म्हणून तिच्या गोळीस रायफलीचा वेग नसतो. ज्याला वेग नाही, त्याला वजन हवे. हलकी, पोकळ नाकाची गोळी कातडीखालीच फुलते आणि हाडापर्यंत पोहोचत नाही. असे जनावर मरत नाही आणि पडतही नाही. ते जखम घेऊन झाडीत शिरते, आणि मग त्याच्यामागे कोणास तरी शिरावे लागते. यास्तव गोळी जड असावी, नाक बोथट असावे. चाळीस पावलांपलीकडे घोडा ओढू नये. पुढच्या पायामागे, फऱ्याच्या म्हणजे खांद्याच्या लगत नेम धरावा. जनावर सरळ तोंडासमोर आले तर हात आवरावा.

झाकणे जपून ठेवली आहेत.

तुझा,
त्र्यंबककाका

———

अल्टूना
२ नोव्हेंबर १९८५

ती. काकांना नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. हॅरोल्डला इंग्लिशमध्ये सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझा काका बरोबर बोलतोय. तोच का नाही येत?"

पण काका, मुख्य गोष्ट राहिली. तीन झाकणांपैकी कुठलं? तुम्ही नाव घेतलं नाहीत.

आणि आणखी एक विचारतो. रागावू नका. शिकारीवर बाबा वारले त्या दिवशी त्या पाहुण्या साहेबाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुठली काडतुसं होती? मी तेव्हा चार वर्षांचा होतो. एवढंच ऐकत आलो की साहेबाचा हात थरथर कापला, नेम चुकला.

श्रीराम

———

एडिसन
८ नोव्हेंबर १९८५

चिरंजीव श्रीराम यास आशीर्वाद.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो आणि ते शेवटचे समजावे.

सन १९४६ च्या जानेवारीत डुकराची शिकार होती. साहेबाची रायफलीची गोळी डुकराच्या पोटात लागली आणि ते बोरीच्या जाळीत शिरले. माग काढणारा म्हणून तुझे वडील जगन्नाथ पुढे, त्याच्यामागे रिव्हॉल्व्हर घेऊन साहेब. डुक्कर बाहेर झेपावले तेव्हा साहेबाने सहा पावलांवरून चार बार काढले. डुक्कर थांबले नाही. तुझ्या वडिलांच्या मांडीची शीर सुळ्याने तुटली आणि गाडी येण्यापूर्वी सर्व आटोपले. साहेबाचा हात कापला, हे तेव्हा सर्वांनी मान्य केले. चाळीस वर्षांनी ते उकरून काय साधणार? मी तुला वाढविले, शिकविले, येथवर पाठविले. जगन्नाथाची उणीव भासू दिली नाही, असे मी समजतो.

आता झाकणांविषयी. लाल घेऊ नकोस. त्याचे कारण विचारू नकोस. उरलेल्या दोहोंत, निळ्यावर १८० हा आकडा आहे आणि पिवळ्यावर २४६. आकडे मला वाचता येतात. २४६ म्हणजे गोळीचे वजन, आणि तेच तिन्हींत अधिक आहे. पिवळे घ्यावे.

वसुधेस व चि. पद्मिनीस आशीर्वाद.

त्र्यंबककाका

———

अल्टूना
१५ नोव्हेंबर १९८५

ती. काकांना नमस्कार.

ठीक आहे. पिवळं. कालपासून त्याच काडतुसांवर हात बसवतोय. धक्का फारसा नाही, खांद्याला सोपं जातं. हॅरोल्डनं भुवया उचलल्या. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे मोठ्यांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

सोमवार, दोन डिसेंबर. सकाळी साडेसहाला हॅरोल्ड झाडीत शिरेल.

श्रीराम

———

एडिसन
२४ नोव्हेंबर १९८५

चिरंजीव श्रीराम यास,

हे पत्र विक्रमच्या हातून तातडीच्या टपालाने पाठवीत आहे. पिवळे काडतूस घेऊ नये. लाल घ्यावे.

काल फोन लावविला, तो वसुधेने उचलला. "श्रीरामला म्हणावे, लाल घे," एवढे सांगितले. तिने विचारले, "का हो, काका?" मी फोन विक्रमच्या हातात दिला. म्हणून लिहावे लागत आहे.

तुझ्या पत्रातील दोन गोष्टींनी मला आठवडाभर स्वस्थ बसू दिले नाही. पहिली म्हणजे त्या गोऱ्या मनुष्याने भुवया का उचलल्या. दुसरी तू लिहिलेले वाक्य, 'मोठ्यांनी ठरवलं म्हणजे ठरलं.' ते मी पूर्वी एकदा ऐकले आहे.

काल सकाळी मी तिन्ही झाकणे घेऊन स्वयंपाकघरात गेलो. नीला पोळ्या लाटीत होती. मी म्हणालो, "हे मला वाचून दाखव." तिने हात पुसले आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. "बाबा, एवढंच ना? आधी का नाही सांगितलंत? म्हणजे दहा वर्षं तुमच्या गोळ्या तुम्ही..." तिला समजले. माझ्या औषधाच्या गोळ्या मी रंगावरून घेतो. सुनेपुढे असा उभा राहण्याची वेळ वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी आली.

तिने वाचले. लाल आणि निळ्यावर मॅग्नम असे आहे. पिवळ्यावर स्पेशल. स्पेशल या शब्दाने तिला वाटले की तेच विशेष चांगले असावे. मी मात्र हा शब्द एकदा शिकलो आहे, उशिरा. स्पेशलचे कवच आखूड आणि बारूद कमी. त्याची गोळी वजनाने जड असली तरी तिला रेटणारा जोर नाही. परंतु दोहोंचा घेर एकच. म्हणून मॅग्नमच्या लांब घरात ते आखूड काडतूस सुखाने बसते, उडतेही. आत बसले म्हणजे ते त्या हत्याराचे झाले असे नाही. ते डबे फोडण्यासाठी ठीक. जिवंत जनावरावर नव्हे.

आता जे चाळीस वर्षे लिहिले नाही ते लिहितो.

साहेबाचे रिव्हॉल्व्हर त्या काळी नवीनच निघालेले, तीनशे सत्तावन्न मॅग्नम. तसे आमच्या कोठीत पूर्वी आले नव्हते. आदल्या संध्याकाळी त्याच्या अर्दलीने दोन खोकी आणून ठेवली. एक शिकारीचे. दुसरे अडतीस स्पेशल, बाटल्यांवर हात बसविण्याचे. कोणते कशाचे ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. वजनाचा आकडा दोन्हींवर एकच. एक खोके निळे होते, दुसरे लाल.

लाल म्हणजे जड जनावराचे. हा माझ्या कोठीचा नियम, आणि तो जगाचा नियम आहे असे मी धरून चाललो.

पहाटे मी रिव्हॉल्व्हर भरीत असता जगन्नाथ जवळ उभा होता. तो इंग्रजी तीन यत्ता शिकला होता, हे तू जाणतोस. त्याने हळूच विचारले, "दादा, खोक्यावर काय लिहिलंय ते एकदा बघू का?" महाराजांचे दोन हुजरे तेथे होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "अठरा वर्षे काडतुसे वाटतो आहे. मला अजून लाल रंग कळतो." हुजरे हसले. जगन्नाथही हसला. म्हणाला, "तुम्ही ठरवलंत म्हणजे ठरलं, दादा."

त्या दिवशी संध्याकाळी अर्दली खोकी परत नेण्यास आला. निळे उघडून म्हणाला, "ही तर सगळी तशीच आहेत. मग सकाळी भरलंत काय?" तो माझ्याकडे पाहत राहिला आणि निघून गेला. जगन्नाथाचे प्रेत तेव्हा ओसरीवर होते.

साहेबाचा हात कापला, हे वाक्य प्रथम मी उच्चारले. साहेबाचे चारही बार डुकराच्या छातीत लागले होते. कातडे मी स्वतः पाहिले. गोळ्या आत शिरल्या होत्या, हाड एकही मोडले नव्हते. त्या मनुष्याचा हात दगडासारखा स्थिर होता.

पहिल्या पत्रात मी तुला माझ्या रंगांच्या शिस्तीविषयी लिहिले. दुसऱ्यात लाल नको म्हणालो. म्हणजे चाळीस वर्षांत मी एवढेच शिकलो की एका रंगाऐवजी दुसरा रंग सांगावा. तुझा हॅरोल्ड झाडीत असेल आणि तुझ्या हातात माझे काडतूस असेल, हे मनात आले तेव्हा मी नीलाकडे गेलो. त्याआधी जाण्याचे धैर्य नव्हते.

लाल घ्यावे. नव्हे, तू स्वतः वाचावेस आणि जे योग्य तेच घ्यावे. माझा शब्द मानू नये.

त्र्यंबक

———

अल्टूना
७ डिसेंबर १९८५

काका,

तुमचं पत्र शनिवारी आलं. टपालपेटीपाशी गाडीतच बसून वाचलं. फोनवरचा निरोप वसुधानं मला आधीच दिला होता. त्या निरोपानं मी काडतुसं बदलली नव्हती. पत्र वाचल्यावर बदलली.

सोमवारी बर्फ भुरभुरत होतं. हॅरोल्ड साडेसहाला आत शिरला. त्याचं नारिंगी जाकीट झाडांत दिसायचं, मग दिसेनासं व्हायचं. सात-सव्वासातला एक नर वर आला, तीस पावलांवर आडवा उभा राहिला. फऱ्यामागे नेम धरला. एकच बार. दहा पावलं गेला आणि बसला तो उठला नाही. हॅरोल्ड वर आला, हरणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "तू असा का दिसतोयस?" मी म्हटलं, थंडी आहे.

आता माझ्या बाजूचं.

आईनं मला हे सगळं एकोणीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी अमेरिकेला निघालो त्याच्या आदल्या दिवशी, माझी बॅग भरताना. त्या सकाळी हाक्याला जायच्या आधी बाबा चहाला घरी आले होते. कोठीत, तुमची पाठ वळल्यावर त्यांनी खोकं वाचलं होतं. आईला म्हणाले, "दादांनी खोकं चुकवलंय, लालमधलं भरलंय. तिथं हुजरे होते. चारचौघांत दादांना खोटं कसं पाडू? रायफलीनंच काम होईल, रिव्हॉल्व्हर निघायची वेळच येणार नाही. दुपारी बाजूला घेऊन सांगेन." आणि चहा पिऊन गेले.

हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

मी आईला विचारलं, तू काकांना कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "ते स्वतः सांगतील. तू विचारायचं नाहीस." मी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मग हॅरोल्डनं ती पिशवी दिली, आणि तिच्यात लाल खोकं निघालं. मी झाकणं पाकिटात घातली तेव्हा लाल मुद्दाम वर ठेवलं होतं, ते बघून तुम्ही बोलाल म्हणून. कुठलं न्यायचं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, काका. मला इंग्लिश वाचता येतं.

तुम्ही पिवळं सांगितलंत तेव्हा मी 'ठीक आहे' लिहिलं. बाबांनी केलं तेच केलं. तुमचं पत्र आलं नसतं तर हॅरोल्डला झाडीत पाठवून मी पिवळी काडतुसं भरली असती का? हे मी स्वतःला रोज विचारतोय. नाही असं म्हणता येत नाही. त्याची लाज तुमच्यावर टाकत नाही, ती माझी.

रिव्हॉल्व्हर हॅरोल्डला परत केलं.

नाताळात आम्ही एडिसनला येत नाही आहोत. भांडण नाही. पण समोर बसून जेवता येईल असं आत्ता वाटत नाही.

श्रीराम

———

एडिसन
१५ डिसेंबर १९८५

चिरंजीव श्रीराम यास,

पत्र पोहोचले. हॅरोल्ड सुखरूप आहे, हे वाचून मग पुढचे वाचले.

जगन्नाथास ठाऊक होते. त्याने माझा मान राखला आणि जाळीत शिरला. यावर लिहिण्यासाठी तीनदा कागद घेतला.

नाताळात येऊ नये, हेच योग्य. क्षमा मागण्याचा अधिकार मला ज्या दोघांकडे होता ती दोघेही नाहीत, आणि तुझ्याकडे मागणे म्हणजे तुझ्यावर आणखी एक ओझे टाकणे. ते करीत नाही. नीलाने माझ्या औषधांच्या बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या डकविल्या आहेत. मी त्या डकवू दिल्या.

एक दुरुस्ती मात्र करावी. वीस ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिले होते की तुझी आई प्रत्येक डबा, प्रत्येक बाटली माझ्यापुढे ठेववी आणि तुझ्याकडून, तू गेल्यावर घरातील इतरांकडून, विचारवी, वर काय लिहिलं आहे. आणि त्यास मी मान म्हटले होते. ते वाक्य तू तुझ्या हाताने खोडून टाकावेस. मी अमेरिकेस येईपर्यंत माझ्या घरात ती एकोणतीस वर्षे राहिली. एकोणतीस वर्षे ती मला तेवढा एकच प्रश्न विचारीत होती, आणि मी तिला रंग सांगत होतो.

त्र्यंबक